ढगाखालचा बर्फ

एकोणीस वर्षं मी बर्फ मोजला, पण फ्रिजमधला सोडला तर बर्फाला कधी हात लावलेला नाही. हे सांगितलं की नाशिकचे लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे तुम्ही नक्की करायच्या काय?" माझ्या सासूबाई शेजारणींना सांगत असत की सून हवामान खात्यात आहे. ते खरं नव्हतं. पण मी कधी दुरुस्ती केली नाही, कारण खरं समजावून सांगायला अर्धा तास लागला असता आणि तेवढ्यात शेजारणीचं दूध उतू गेलं असतं.

या अंकाच्या संपादकांनी मला तो अर्धा तास दिला आहे. त्यांना माझ्या "आगळ्यावेगळ्या नोकरी"तल्या गमतीजमती हव्या होत्या. काही आहेत, त्या सांगते. पण एक गोष्ट गमतीची नाही आणि ती सांगितल्याशिवाय बाकीच्या सांगणं मला बरं वाटत नाही.

मुंबई नाक्याजवळ एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खाली बॅटरीचं दुकान, वर दातांचा दवाखाना. उपग्रहाने काढलेली छायाचित्रं घ्यायची आणि त्यांचे नकाशे करून द्यायचे, हा आमचा धंदा. उन्हाळ्यात धरणांचं पाणी, पावसाळ्यानंतर पिकं. आणि सप्टेंबर संपता संपता माझं टेबल सुरू व्हायचं: उत्तरेचा बर्फ. काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंड. रोज सकाळी एक उपग्रह वरून जायचा, दुपारी दुसरा. चार वाजेपर्यंत त्या दिवसाचा नकाशा गेला पाहिजे. बर्फ तिथे पांढरा, मोकळी जमीन तिथे तपकिरी. वीज कंपन्या तो घेत, कारण हिवाळ्यात साठलेला बर्फ म्हणजे त्यांचं उन्हाळ्यातलं पाणी.

भर हिवाळ्यातला बर्फ मोजणं सोपं असतं. सगळंच पांढरं असतं. खरं कसब सुरुवातीच्या बर्फात. तो पडतो, दुपारी वितळतो, परत पडतो. उन्हाकडच्या उतारावर नाही आणि सावलीकडच्या उतारावर आहे. देवदारांच्या खाली आहे, पण झाडांमुळे वरून दिसत नाही. आणि त्याचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे ढग, कारण तोही पांढराच. डोळ्यांना न दिसणाऱ्या एका प्रकाशात छायाचित्र काढलं की बर्फ काळा दिसतो आणि ढग बहुतेक वेळा पांढराच राहतो, त्यावरून दोघांना वेगळं काढायचं. "बहुतेक वेळा" या दोन शब्दांवर आमची नोकरी चालत होती. फार उंचावरचे ढगही बर्फाचेच बनलेले असतात आणि ते कॉम्प्युटरला फसवतात. एकदा चाचणीसाठी सगळ्या देशाचा नकाशा काढला तर पेठ तालुक्यावर पांढरे ठिपके उमटले. शेजारच्या टेबलावरच्या सचिनने तो छापून भिंतीवर लावला. "गावित मॅडम, तुमच्या गावाला स्नोफॉल झालाय. घरी स्वेटर पाठवा." तो नकाशा दोन वर्षं भिंतीवर होता.

पेठ हे माझं गाव. म्हणजे तालुका पेठ, गाव त्याहून आत. आमच्या घरात कॉलेजची पायरी मी पहिली चढले. आश्रमशाळेत शिकले. आईवडील भात-नागलीची कापणी उरकली की दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला जायचे. ऑक्टोबरची छाटणी, मग विरळणी, मग डिपिंग, म्हणजे घड औषधात बुडवणं. सुट्टी लागली की आम्ही मुलंही त्यांच्यामागे बागेत राहायला जायचो. डोंगराच्या कोणत्या अंगाला ऊन किती वेळ राहतं हे मला भूगोलाच्या पुस्तकाआधी वडिलांनी शिकवलं होतं. पुढे हिमाचलच्या छायाचित्रात सावलीतला बर्फ मी इतरांपेक्षा पटकन ओळखायचे, ते त्यामुळेच. आश्रमशाळेतल्या भूगोलाच्या बाईंनी मला कॉलेजचा फॉर्म स्वतः भरून दिला आणि देवरे सरांनी मला नोकरी दिली. या माणसांचे उपकार मी विसरलेले नाही.

देवरे सर म्हणजे आमच्या ऑफिसचे मालक. सटाण्याकडचे. एरवी अगदी शुद्ध बोलायचे, पण वैतागले की अहिराणी. सकाळचं छायाचित्र उघडलं आणि सगळीकडे ढग असले की चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "आज काहीच दिखत नही शे." मग ते छायाचित्र बाजूला. ढगांचं प्रमाण ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तर ते छायाचित्र वापरायचं नाही, असा नियमच होता. कारण त्यात तपासायला वेळ जातो आणि हाती काही लागत नाही.

मग त्या दिवशीचा नकाशा कसा करायचा? त्यालाही नियम होता. ज्या जागेवर आज ढग आहे, तिथे शेवटचं जे स्वच्छ दिसलं होतं तेच दाखवायचं. काल जमीन दिसली होती तर आजही तपकिरी. चार दिवस ढग राहिला तर चार दिवसांपूर्वीचं. जगभर असंच करतात, त्यात लबाडी नाही. नकाशाला भोकं पडलेली गिऱ्हाइकाला आवडत नाहीत. मात्र त्यासोबत एक दुसरा तक्ता निघायचा. कोणत्या जागेची माहिती किती दिवसांची जुनी आहे, ते आकडे त्यात असायचे. तो तक्ता गिऱ्हाईक कधीच उघडत नसे. आम्ही उघडायचो. उघडायला हवा होता.

वरून पाहिलेलं खरं की खोटं हे ठरवायला जमिनीवर माणसं लागतात. आमची अशी सात माणसं होती. कुणी शाळामास्तर, कुणी पोस्टमन, एक रस्ता खात्यातला चौकीदार. ते सकाळी फोन करून आपल्या खिंडीत, उतारावर किती बर्फ आहे ते सांगायचे. मी त्यांना पट्टीने मोजून सेंटिमीटर सांगायला सांगितलं होतं. पट्ट्या पाठवल्यासुद्धा. पण त्यांचं माप अंगाचंच होतं: टखने तक, म्हणजे घोट्यापर्यंत, घुटने तक, कमर तक. शेवटी मी सातही जणांना फोन करून त्यांच्या गुडघ्यांची उंची विचारून घेतली. सचिनला वाटलं मला वेड लागलं. पोस्टमन म्हणाला, "मॅडम, पँट शिवायची आहे का?" तो सात गुडघ्यांचा कागद माझ्या टेबलाच्या काचेखाली शेवटपर्यंत होता.

त्या सातांतला सगळ्यात बुटका गुडघा प्रीतम मास्तरजींचा. हिमाचलमधल्या एका खिंडीच्या पायथ्याला त्यांचं गाव. खिंडीला ते 'जोत' म्हणत. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, आवाज सावकाश, नोंद कधी चुकायची नाही. "मॅडमजी, नमस्ते. आज जोत पर टखने तक." मग तब्येत, मग फोन ठेवायचे. घरात त्यांचा धाकटा भाऊ ध्यान, आणि ध्यानची बायको. ध्यान मेंढपाळ होता. उन्हाळाभर कळप घेऊन खिंडीपलीकडच्या कोरड्या मुलखात चारायचा आणि सप्टेंबरच्या शेवटी खिंड ओलांडून घरी उतरायचा. खिंड बर्फाने बंद व्हायच्या आत उतरणं ही त्याची दर वर्षीची परीक्षा. हे मला मास्तरजींकडूनच कळलं होतं. ते नोंद द्यायला लागल्यावर पहिल्या पाच वर्षांत त्यांनी मला दर सप्टेंबरमध्ये विचारलं, "जोत खुला है?" मी नकाशा पाहून सांगितलं आणि दर वेळी माझं बरोबर आलं.

हे माझं काम नव्हतं. देवरे सर म्हणायचे, "आपण नकाशा देतो, सल्ला देत नाही." पण मला फोनवर उत्तर द्यायला आवडायचं. निफाडकडचे एक बागाईतदार होते, भाऊसाहेब. त्यांना कुणीतरी माझा नंबर दिला होता. वर बर्फ पडला की दोन-तीन दिवसांत गार वारा निफाडात उतरतो आणि द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून डिसेंबर लागला की त्यांचा फोन.

"ताई, वर पडला का?"

"पडला, भाऊसाहेब. चांगला पडला."

"लय का थोडा?"

"लय."

"मंग पेटवतो शेकोट्या."

त्यांच्या बागेत पहाटे शेकोट्या पेटायच्या. अशाच शेकोट्या मी लहानपणी दिंडोरीच्या बागेत पाहिल्या होत्या. त्या वेलींसाठी असायच्या. आम्ही मजुरांची मुलं कडेला बसून हात शेकून घ्यायचो, मालक काही म्हणत नसे. आणि आता एक बागाईतदार मला ताई म्हणून विचारतो आहे, शेकोटी पेटवू का. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटायचा. तो वाटला नसता तर पुढचं कदाचित घडलं नसतं.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. सप्टेंबरचे शेवटचे दिवस होते. आबा, म्हणजे माझे वडील, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या तपासणीसाठी नाशिकला आले होते. दवाखान्यातून त्यांना मी थेट ऑफिसात आणलं. तेरा वर्षं मी तिथे काम करत होते आणि त्यांनी ते ऑफिस पाहिलं नव्हतं. ते चपला दाराबाहेर काढून आत आले. सचिनने खुर्ची दिली. देवरे सर आपल्या खोलीतून उठून आले आणि म्हणाले, "तुमची मुलगी आमचा हिमालय सांभाळते." आबांनी हात जोडले.

मी त्यांना पडद्यावर त्या सकाळचं छायाचित्र दाखवलं. हिमाचलवर नुसता ढग. मग तयार नकाशा दाखवला. खिंडी, दऱ्या, नद्या, सगळं स्वच्छ.

आबा बराच वेळ पाहत राहिले. "मंग ढग कुठं गेलं?"

"आम्ही काढतो ते."

"काढलं म्हंजी? तठं तं अजून हायेत ना."

"कॉम्प्युटर काढतो, आबा."

"आणि खाली काय हाय ते तुला कसं दिसतं?"

सचिन हसला. मीही हसले. म्हटलं, "तेच तर आमचं काम."

तेवढ्यात मास्तरजींचा फोन आला. ध्यान खिंडीच्या पलीकडे शेवटच्या वस्तीवर येऊन थांबला होता. तिथून त्याचा फोन लागला होता. आणखी दोन-तीन कळप तिथे मुक्कामाला होते. वर ढग, कुणालाच काही दिसत नव्हतं. मास्तरजींच्या गावात हलकी भुरभुर चालली होती, पण एवढ्या लवकर वर बर्फ सहसा पडत नाही. पलीकडचं गवत संपलं होतं. ध्यानला निघायचं होतं.

"मॅडमजी, जोत खुला है?"

मी फोन कानाला लावून आबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते. हिमालयातून माणसं माझ्या मुलीला रस्ता विचारतात, हे त्यांना दिसावं असं मला वाटत होतं. पडद्यावर तोच नकाशा उघडा होता. खिंड तपकिरी होती.

"खुला है, मास्तरजी," मी म्हटलं.

दुसरा तक्ता मी उघडला नाही. उघडला असता तर त्या चौकोनात चार हा आकडा दिसला असता. चार दिवसांपूर्वी खिंड मोकळी होती, एवढंच मला ठाऊक होतं. तक्ता उघडायला पाव मिनिटही लागत नाही. त्याआधीच्या पाच वर्षांत तो न उघडता मी एकदाही उत्तर दिलं नव्हतं.

आबांना मी रविवार कारंज्यावर मिसळ खाऊ घातली आणि पेठच्या गाडीत बसवून दिलं. गाडीत बसताना त्यांनी खिडकीतून परत विचारलं, "ढगाखालचं खरंच दिसतं का गं?" मी म्हटलं, "दिसतं, आबा."

दोन दिवसांनी ढग हटला. सकाळचं छायाचित्र उघडलं तर खिंड पांढरी. माथा आणि दोन्ही अंगांनी बरंच खालपर्यंत. मी मास्तरजींना फोन लावला, लागला नाही. दिवसभर लावला. आठ दिवस त्यांची सकाळची नोंद आली नाही. असं आधी कधीच झालं नव्हतं.

नवव्या दिवशी फोन आला. आवाज नेहमीसारखाच सावकाश.

"मॅडमजी, नमस्ते. जोत पर कमर तक." मग, "ध्यान नहीं रहा."

निरोप मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ध्यान निघाला होता. बाकीचे कळप थांबले. त्यांनी त्यालाही थांबायला सांगितलं होतं, पण त्याने ऐकलं नाही. तो माथ्याच्या थोडं आधी, चढावरच सापडला. मेंढ्याही फारशा वाचल्या नाहीत. मास्तरजी म्हणाले, तुम्ही सांगितलं तेव्हा जोत खुलीच होती, तो चढत असताना नवा बर्फ पडला असणार. तेव्हा त्याने मागे फिरायला हवं होतं. "लेकिन बचपन से ज़िद्दी था."

मी "बहुत बुरा हुआ" एवढंच म्हटलं.

नवा बर्फ पडला असेल, असं मलाही वाटून घ्यायचं होतं. आठवडाभर मी तेच धरून बसले. मग बाजूला टाकलेल्या छायाचित्रांच्या फोल्डरमध्ये गेले. नियमाप्रमाणे न वापरलेली, फार ढगांची छायाचित्रं. मास्तरजींच्या फोनच्या दोन दिवस आधीचं दुपारचं एक छायाचित्र होतं. सगळा ढग, पण खिंडीवर एक लहानसं भोक. त्या भोकातून जमीन दिसत होती आणि ती पांढरी होती. दुसऱ्या प्रकाशातलं छायाचित्र काढून पाहिलं. तिथे ती काळी पडली. म्हणजे ढग नव्हता, बर्फ होता.

तो तिथे आधीपासून होता. ध्यान जिथे गेला तिथे तो आधीच पडून होता, आणि मी नाशिकहून त्याला सांगितलं होतं की तो नाही. इतर मेंढपाळ थांबले, कारण त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. ध्यान चढताना पायाखाली बर्फ लागला तेव्हा त्याला वाटलं असेल, एवढाच असेल, पुढच्या वळणावर मोकळं असेल. घरून निरोप आहे. प्रत्येक वळणावर वाटलं असेल.

मी देवरे सरांना ते छायाचित्र दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि खूप वेळ पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "नकाशा नियमाप्रमाणे बरोबर होता." थोड्या वेळाने म्हणाले, "मी म्हणायचो, सल्ला देऊ नका." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते आपल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

पुढच्या हंगामात त्यांनी माझ्या सांगण्यावरून ढगाच्या जागा राखाडी रंगात दाखवायला सुरुवात केली. तीन आठवड्यांत एका वीज कंपनीतून फोन आला की नकाशा अर्धवट येतो आहे, काम नीट होत नाही का. राखाडी रंग गेला. नकाशाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ आली. ती कुणी वाचली असेल असं मला वाटत नाही.

मास्तरजींची नोंद चालूच राहिली. टखने तक, घुटने तक. जोत खुली आहे का, असं त्यांनी मला परत कधी विचारलं नाही. विचारायला त्या घरातलं कुणी पलीकडे उरलं नव्हतं. मात्र गप्पांमध्ये कधी ध्यानचा विषय निघाला की ते तेच म्हणत: ज़िद्दी था. गावातही तसंच म्हणतात, सगळे थांबले आणि हा एकटा निघाला. एकदा ते बोलत असताना मागे भांड्यांचा आवाज येत होता आणि मला कळलं की ध्यानची बायको तिथेच आहे, ती हे ऐकते आहे. त्या दिवशी सांगायला हवं होतं. मी पुढच्या खिंडीची नोंद घ्यायची आहे असं म्हणून फोन ठेवला.

का सांगितलं नाही, हे मी स्वतःला पुष्कळ विचारलं आहे. नोकरी जाईल ही भीती नव्हती. देवरे सरांनी मला कधीच काढलं नसतं. मला मास्तरजींच्या तोंडचं "मॅडमजी" जायला नको होतं, बहुधा एवढंच. ज्या घरात कुणी शाळा पाहिली नाही तिथून मी आले, आणि एक शाळामास्तर मला रोज सकाळी मानाने नमस्ते म्हणायचा.

ऑफिसबाहेर मी हे फक्त आबांना सांगितलं होतं. त्या वर्षी दिवाळीला पेठला गेले तेव्हा. ते वाळवायला टाकलेल्या भाताजवळ बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, म्हणतील की मी तुला विचारलं होतं. ते म्हणाले नाहीत. फक्त म्हणाले, "त्या मास्तराला सांगितलंस का?"

"नाही."

पुढच्या दिवाळीला परत विचारलं. त्याच्या पुढच्याही. एवढा एकच प्रश्न, तोही निघायच्या वेळी, चप्पल घालताना. "सांगितलंस का?" मग माझा चेहरा पाहून, "बरं, जा. गाडी चुकंल."

गेल्या वर्षी आमचं बर्फाचं टेबल बंद झालं. आता ते काम कॉम्प्युटर एकटाच करतो, मधे माणूस लागत नाही. जमिनीवरच्या सातही माणसांना आभाराची पत्रं गेली. ती मीच लिहिली. देवरे सरांनी मला धरणांच्या पाण्याच्या टेबलावर बसवलं आहे. ते काम चांगलं आहे. पाणी ढगाखाली फारसं लपत नाही, आणि लपलं तरी धरणावर माणूस असतो. पण आमच्या बर्फाच्या नव्या नकाशावर परवाच नजर टाकली. सगळीकडे स्वच्छ तपकिरी आणि पांढरा. ढग एकही नाही.

आबा या श्रावणात गेले. दिवस झाल्यावर मी नाशिकला परत आले, आणि ऑफिसातल्या खणातून ते छायाचित्र काढलं. मी ते तेव्हाच छापून ठेवलं होतं. या दिवाळीला मला कुणी विचारणार नव्हतं.

मास्तरजींना फोन लावला. नोंद बंद झाल्यापासून आमचं बोलणं नव्हतं. त्यांनी आवाज ओळखला आणि सवयीने म्हणाले, "मॅडमजी, नमस्ते. जोत पर अभी कुछ नहीं है."

मी म्हटलं, मास्तरजी, मला नोंद नको आहे. आणि सांगितलं. जुना नकाशा, न उघडलेला तक्ता, ढगातलं भोक, सगळं. माझं हिंदी अशा वेळी फार तुटकं होतं. मी मधेच मराठी बोलत होते. त्यांनी एकदाही अडवलं नाही.

माझं सांगून झालं. मग त्यांनी विचारलं, "बर्फ किस दिन से थी?"

"आपके फोन से दो दिन पहले थी. शायद उससे भी पहले."

"दो दिन पहले." त्यांनी ते लिहून घेतल्यासारखं परत म्हटलं. "तो नई बर्फ नहीं थी."

"नहीं."

"मैंने उसको ज़िद्दी कहा," ते म्हणाले. "सात साल. सबके सामने."

मी माफी मागायला लागले. त्यांनी ती ऐकली नाही, किंवा ऐकून सोडून दिली. म्हणाले, "ये बात मुझे नहीं, उसकी घरवाली को बताइए." आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी फोन कानापासून काढला. अंगणातून कुणाला तरी हाक मारल्याचा आवाज आला. मग फोनवर दुसऱ्याच श्वासाचा.

मला तिचं नावही ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत मी विचारलं नव्हतं. मी परत पहिल्यापासून सांगितलं, या वेळी सावकाश आणि सोपं. वर बर्फ आधीपासून होता. मला दिसत नव्हता. तरी मी खिंड मोकळी आहे म्हणून सांगितलं. तुमचा नवरा त्या निरोपावर निघाला.

तिने विचारलं, "तो ज़िद नहीं की उन्होंने?"

"नहीं. जैसा बताया, वैसा किया."

"अच्छा," ती म्हणाली.

मी आणखी काही ऐकायला थांबले. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. तिने फोन बंद केला नव्हता, नुसता कुठेतरी ठेवला होता. लांबून तिचा आवाज ऐकू आला. घरातल्या कुणाला तरी ती त्यांच्या बोलीत काहीतरी सांगत होती. मला त्यातले ध्यान आणि ज़िद एवढेच शब्द कळले. मग कुणीतरी विचारलं आणि तिने तेच वाक्य परत सांगितलं. आधीपेक्षा मोठ्याने.